दारू सोडू पाहणाऱ्यांच्या मीटिंगपर्यंत कसे पोहोचावे

"मला आता सोडायची आहे, कुठे जायचे ते तू बघ," असे माझा थोरला भाऊ आपण होऊन म्हणाला, तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते आणि चहाचा कप बशीवर खणखणत राहावा इतके त्याचे हात थरथरत होते. मी इंटरनेटवर शोधून जवळच्या एका महापालिका शाळेचा पत्ता काढला आणि संध्याकाळी सात वाजता त्याला रिक्षाने तिथे घेऊन गेलो. ती मंडळी वर्षभरापूर्वीच दुसरीकडे गेली, असे रखवालदाराने सांगितले. दादा काही बोलला नाही. परतताना चौकात त्याने रिक्षा थांबवली, "तू हो पुढे," म्हणाला, आणि रात्री साडेअकराला आला तो पिऊनच. त्याच्या तोंडून पहिले वाक्य पुन्हा निघायला चार महिने लागले. "आज मीटिंग आहे ना, आणि नेमकी कुठे?" एवढे मी दुपारी फोन करून विचारले असते तर ते चार महिने वाचले असते, असे मला आजही वाटते, आणि म्हणूनच ही माहिती शक्य तितक्या बारकाईने लिहीत आहे.

या मीटिंगा कोणाच्या असतात

व्यसनातून बाहेर पडू पाहणारा माणूस नुसते "मीटिंगला जातो" असे म्हणतो, तेव्हा ती बहुतेक वेळा अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची, म्हणजे एएची मीटिंग असते. या संघटनेचा आरंभच एका फोनने झाला. बिल विल्सन हा न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात काम करणारा माणूस काही महिन्यांपूर्वी दारूपासून दूर झाला होता. मे १९३५ मध्ये कामानिमित्त तो ओहायो राज्यातील ॲक्रन शहरात आला, काम फसले, आणि हॉटेलात एकटा उभा असताना त्याला समोरचा बार खुणावू लागला. तेव्हा त्याने तिथे टांगलेल्या चर्चच्या यादीवरून फोन करायला सुरुवात केली आणि दारूशी झगडणाऱ्या एखाद्या माणसाची गाठ घालून द्या, अशी विनंती केली. त्यातून डॉ. बॉब स्मिथ या शल्यचिकित्सकाची भेट ठरली. डॉक्टर पंधरा मिनिटांपेक्षा जास्त थांबायला तयार नव्हते, पण रात्रीचे अकरा वाजून गेले तरी दोघे बोलतच होते. डॉ. बॉब यांनी शेवटची दारू घेतली तो १० जून १९३५ हा दिवस एएचा स्थापनादिन मानला जातो. भारतात हे काम १९५७ साली मुंबईत सुरू झाले.

एएमध्ये येण्यासाठी एकच अट आहे, ती म्हणजे दारू सोडण्याची इच्छा. ती सुटलेली असली पाहिजे, अशी अट नाही, हे अनेकांना ठाऊकच नसते. प्रवेश फी नाही, आधार कार्ड मागत नाहीत, नाव नोंदवण्याचे रजिस्टर नाही आणि डॉक्टरांची चिठ्ठीही लागत नाही. खोलीचे भाडे, चहा आणि पुस्तिका यांचा खर्च सदस्य आपसांत फिरवलेल्या पिशवीतून भागवतात. बाहेरच्या कोणाची देणगी स्वीकारायची नाही, हा संघटनेचा जुना दंडक आहे. त्यामुळे फोनवर कोणी तुमच्याकडे पैसे मागितले, तर तो फोन एएचा नाही असे खुशाल समजावे.

एएखेरीज व्यसनमुक्ती केंद्रांचे स्वतःचे गट असतात. पुण्याच्या येरवड्यातील मुक्तांगण हे केंद्र डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली, पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या देणगीच्या आधाराने सुरू केले. उपचार घेऊन बाहेर पडलेल्यांसाठी मुक्तांगणचे पाठपुरावा गट अनेक गावांत भरतात. वांद्र्याला १९८१ साली फादर ज्यो परेरा यांनी सुरू केलेल्या कृपा फाउंडेशनचे कामही असेच पसरलेले आहे. केंद्रात राहून आलेल्या माणसाला पाठपुराव्याचा गट ओळखीचा वाटतो, कारण तिथे आपली बॅच भेटते. कुठेच न गेलेल्या माणसासाठी मात्र एएचे दार सगळ्यांत सोपे आहे.

बोलून काय दारू सुटते, असे आमच्या घरातही विचारले गेले होते. त्याचे उत्तर संशोधनात आहे. कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या संस्थेने २०२० साली २७ अभ्यास एकत्र तपासले, त्यांत दहा हजारांहून अधिक माणसे होती. एएच्या बारा पायऱ्यांकडे, म्हणजे दारूपासून दूर राहण्यासाठी सदस्य एकेक करून चढतात त्या टप्प्यांकडे, पद्धतशीरपणे नेणारे उपचार, दारूपासून सलग दूर राहण्याच्या बाबतीत, इतर प्रस्थापित मानसोपचारांपेक्षा सरस ठरले. आपल्याकडची अडचण वेगळीच आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार, दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कोणती ना कोणती मदत मिळते. उरलेले ३७ जण दारापर्यंत पोहोचतच नाहीत.

आधी डॉक्टर, मग मीटिंग

त्या सकाळी दादाचे हात का थरथरत होते, हे मला तेव्हा कळले नव्हते. रोज पिणाऱ्याने दारू अचानक बंद केली की सहा ते चोवीस तासांत हात कापणे, घाम, मळमळ, छातीत धडधड आणि झोप उडणे सुरू होते. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास माणूस भ्रमात जाऊ शकतो: त्याला नसलेली माणसे आणि किडेमुंग्या दिसतात, ताप चढतो, वेळकाळाचे भान सुटते. या अवस्थेत जीव जाऊ शकतो. तेव्हा ज्याला सकाळी उठल्या उठल्या उतारा म्हणून पुन्हा दारूच लागते, ज्याला पूर्वी कधी फिट आली आहे, किंवा ज्याला कावीळ वा यकृताचा आजार आहे, त्याने मनाच्या हिय्यावर घरीच दारू तोडू नये. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्याला आधी दाखवावे. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत आणि गोव्यात बांबोळीला मनोरुग्णालय आहे. थरथर आणि झोप यांवर डॉक्टर काही दिवसांची औषधे देतात, सोबत बी-१ जीवनसत्त्व देतात, आणि तेवढ्याने पहिला आठवडा पार पडतो.

मीटिंग आणि औषध यांचे भांडण नाही. एखाद्या जुन्या सदस्याने उत्साहाच्या भरात "गोळ्या बंद कर, आपली मीटिंगच औषध" असे सांगितले, तर ते त्याचे वैयक्तिक मत समजून सोडून द्यावे. सदस्यांनी डॉक्टर होऊ नये, अशीच एएची भूमिका आहे.

इथेच आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. "पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा" अशा जाहिराती पाहून बायका आणि आया चहातून किंवा आमटीतून पावडर देतात. तिच्यात डायसल्फिरामसारखे औषध असेल आणि त्यावर तो माणूस प्यायला, तर चेहरा लालबुंद होणे, उलट्या आणि धाप यांपासून रक्तदाब कोसळण्यापर्यंत काहीही होऊ शकते. हे औषध अंगात दोन आठवड्यांपर्यंत काम करत राहते. डॉक्टर ते देतात तेव्हा रुग्णाला सगळे समजावून, त्याच्या संमतीने देतात. चोरून ते कधीही देऊ नये.

मीटिंग शोधताना

पहिला मार्ग एएच्या भारतातील संकेतस्थळाचा. तिथे भागानुसार फोन नंबर आणि मीटिंगांची माहिती मिळते. मुंबई आणि पुण्यासारख्या शहरांत इंटरग्रुप असते, म्हणजे अनेक गटांनी मिळून चालवलेली व्यवस्था, आणि तिचा फोन उचलणारा माणूस स्वतः एकेकाळी पिणारा असतो. दुसरा मार्ग मानसोपचारतज्ज्ञाचा. ते स्वतःहून सांगायला विसरतात, म्हणून "जवळ एएचा गट कुठे आहे?" असे आपणच विचारावे. चर्चच्या आवारातील सूचनाफलकावर आणि सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागाच्या भिंतीवर कधी कधी लहानसा कागद चिकटवलेला असतो. दारू प्यायची असेल तर तो तुमचा प्रश्न, सोडायची असेल तर आमचा, अशा अर्थाचा मजकूर दिसला की खालचा नंबर मोबाइलमध्ये उतरवून घ्यावा. केंद्र सरकारच्या व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा क्रमांक १४४४६ आहे आणि टेली-मानस या मानसिक आरोग्यसेवेचा १४४१६. दोन्हींचा फोन फुकट लागतो, आणि टेली-मानसवर मराठीत बोलता येते.

शोधताना एक सावधगिरी बाळगावी. इंटरनेटवर "दारू सोडवणे" असे टाकले की सर्वांत वर पैसे भरून झळकणारी केंद्रे येतात. त्यांतली काही चांगली असतात, पण काही "आमची गाडी येऊन पेशंटला उचलून नेईल" असे सांगतात आणि पत्ता विचारण्याआधी पैशांचा विषय काढतात. मानसिक आरोग्याच्या अशा आस्थापनेला २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार नोंदणी लागते, तेव्हा नोंदणी क्रमांक विचारावा, आणि तो सांगायला टाळाटाळ झाली तर फोन ठेवून द्यावा. आपल्याला हवी आहे ती मीटिंग, जिथे माणूस स्वतःच्या पायांनी जातो आणि स्वतःच्या पायांनी परत येतो.

नंबर मिळाला की त्याच दिवशी फोन करावा, आणि शक्य तर ज्याला दारू सोडायची आहे त्यानेच करावा. त्याला बोलवत नसेल तर आपण लावून त्याच्या हातात द्यावा. आमच्या दुसऱ्या खेपेला दादाने फोन कानाला लावून नुसते "हॅलो" म्हटले आणि तो गप्प झाला. पलीकडचा माणूसही घाई न करता थांबला आणि थोड्या वेळाने म्हणाला, "आज घेतलीय का? घेतली असली तरी हरकत नाही. या." त्या "या" ने काम केले. फोनवर चार गोष्टी नक्की करून घ्याव्यात: मीटिंग आज आहे का आणि किती वाजता, इमारतीची खूण, मजला आणि कोणते गेट उघडे असते, बोलणे मराठीत चालते की हिंदी-इंग्रजीत, आणि गेटापाशी कोणी भेटेल का. शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण नवीन माणसाला घ्यायला गेटापाशी येणे हे जुने सदस्य आपले काम मानतात. शाळांच्या खोल्या परीक्षेच्या आणि निवडणुकीच्या दिवसांत मिळत नाहीत आणि गट तात्पुरते दुसरीकडे बसतात, म्हणून यादी कितीही ताजी दिसली तरी त्या दिवशीचा फोन चुकवू नये.

मीटिंग ओपन आहे की क्लोज्ड, हेही विचारावे. क्लोज्ड मीटिंगमध्ये फक्त दारूची अडचण असलेलेच बसतात. ओपन मीटिंगला घरचे, मित्र, डॉक्टर, विद्यार्थी कोणीही बसू शकतात. पहिल्या वेळी भाऊ किंवा बायको सोबत येणार असेल तर ओपन मीटिंग निवडावी, नाहीतर सोबत आलेल्याला दीड तास बाहेर कठड्यावर बसावे लागते. मी तसा बसलो आहे, आणि त्यात वाईट काही नाही, पण आधी कळलेले बरे.

आतमध्ये काय होते

दादाची पहिली मीटिंग भरली ती तिसरी इयत्तेची वर्गखोली होती. भिंतीवर बारापर्यंतच्या पाढ्यांचा तक्ता, कोपऱ्यात मुलांनी केलेला पुठ्ठ्याचा किल्ला, आणि आठ वर्षांच्या मुलांसाठी केलेल्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली पंधरा-सोळा मोठी माणसे. त्यांत बँकेतून थेट आलेला एक जण टाय सैल करून बसला होता, आणि शेजारी एक रिक्षावाले काका खाकी शर्टातच आले होते. दादा शेवटच्या बाकावर, दाराच्या सगळ्यांत जवळ बसला. तिथेच बसा, असे मी प्रत्येक नव्या माणसाला सांगेन. उठून जायची मोकळीक आहे हे कळले की माणूस बसून राहतो.

सुरुवातीला क्षणभर शांतता पाळतात आणि एक छोटी प्रार्थना म्हणतात. जे बदलता येत नाही ते स्वीकारण्याची शांती, जे बदलता येते ते बदलण्याचे धैर्य आणि या दोहोंतला फरक ओळखण्याचे शहाणपण मागणारी ती प्रार्थना आहे. मग मीटिंग चालवणारा सदस्य एए म्हणजे काय ते वाचून दाखवतो आणि एकेक जण शेअरिंग करतो. तो आपले पहिले नाव सांगतो, मी अल्कोहोलिक आहे असे म्हणतो, आणि पूर्वी काय होते, काय घडले आणि आता कसे आहे ते बोलतो. मध्येच कोणी प्रश्न विचारत नाही, सल्ला देत नाही, "तुझे चुकले" असे म्हणत नाही. घरीदारी वर्षानुवर्षे उपदेश ऐकलेल्या माणसाला हे फार नवीन असते. दादाने मला त्या रात्री एकच गोष्ट सांगितली: बँकवाल्याने बाटली गच्चीवरच्या टाकीत दोरीला बांधून लपवल्याचे सांगितले, तेव्हा कोणी हसले नाही, आणि निम्म्या माणसांनी नुसती मान हलवली.

नव्या माणसाला बोलण्याची सक्ती नसते. "आज मी फक्त ऐकतो," एवढे म्हटले तरी पुरते. खरे आडनाव सांगावे लागत नाही. पिशवी फिरली आणि नव्या माणसाने काही टाकले नाही, तर कोणी पाहतही नाही. इथे ऐकलेले इथेच ठेवायचे, असा शिरस्ता आहे, आणि आपण तो पाळायचा हेही लक्षात घ्यावे. तिथे शेजारचे देशपांडे किंवा ऑफिसमधले साहेब भेटले, तर ती गोष्ट घरीही सांगू नये. ओळखीचे कोणी भेटेल या धास्तीने अनेक जण जायचे टाळतात. ओळखीचा माणूस तिथे भेटलाच, तर तोही त्याच कारणाने आलेला असतो, हे ध्यानात ठेवावे. तरीही जीव घाबरत असेल तर आपल्या वस्तीपासून दोन स्टेशने दूरचा गट निवडावा.

पिऊन गेले तर चालते का, हा प्रश्न सगळेच विचारतात. शक्य तर त्या दिवशी न पिता जावे, पण प्यायलेला माणूस शांत बसून ऐकणार असेल तर त्याला सहसा कोणी परत पाठवत नाही. त्याने स्वतः मोटारसायकल मात्र चालवू नये.

देवाच्या उल्लेखावरून काही जण बिचकतात. बारा पायऱ्यांत स्वतःपेक्षा मोठ्या शक्तीचा आणि ज्याला जसा उमजला तशा ईश्वराचा उल्लेख येतो. गळ्यात माळ घालून दारू सोडण्याची वाट आपल्याकडे वारकऱ्यांनी पिढ्यान्पिढ्या दाखवली आहे, त्यामुळे माळकरी घरातल्या माणसाला ही भाषा परकी वाटत नाही. देव न मानणारे सदस्य हा गटच आपल्यापेक्षा मोठा आहे असे धरून चालतात, आणि त्यांना कोणी अडवत नाही. एवढ्यावरही पटले नाही, तर स्मार्ट रिकव्हरी ही १९९४ साली अमेरिकेत सुरू झालेली, धार्मिक भाषा न वापरणारी चळवळ ऑनलाइन मीटिंगा घेते, पण त्यासाठी इंग्रजी यावे लागते.

पहिल्या मीटिंगनंतर

उठून निघायची घाई करू नये. चहाच्या वेळी दोन-तीन जणांचे नंबर घ्यावेत, कारण मीटिंगचे निम्मे काम त्या नंबरांत असते. प्यावेसे वाटले तर पिण्याच्या आधी फोन करायचा, नंतर नव्हे. रात्री नऊ वाजता वाईन शॉपसमोरून जाताना ज्याला फोन लावता येईल, असा एक तरी माणूस पहिल्या आठवड्यात जोडावा. पुढे याच ओळखींतून स्पॉन्सर मिळतो, म्हणजे पायऱ्या समजावून देणारा जुना सदस्य. पुरुषाने पुरुष आणि स्त्रीने स्त्री स्पॉन्सर घ्यावी, हा संकेत शहाणपणाचा आहे.

एका मीटिंगवरून मत बनवू नये. गटागटांत फार फरक असतो: कुठे वाचनावर भर असतो, कुठे नुसत्या गोष्टी होतात, आणि कुठे एकच ज्येष्ठ सदस्य अर्धा वेळ बोलतो. निदान तीन वेगवेगळ्या गटांत सहा वेळा जावे आणि मग ठरवावे. नव्वद दिवसांत नव्वद मीटिंगा, अशी एएमध्ये सांगायची पद्धत आहे. मुंबईसारख्या शहरात ते शक्य होते, पण तालुक्याच्या गावात आठवड्याला एकच मीटिंग असते किंवा तीही नसते. तिथल्या माणसाने हताश होऊ नये. २०२० च्या टाळेबंदीत झूमवर सुरू झालेल्या अनेक मीटिंगा पुढेही चालू राहिल्या. आठवड्याची एक मीटिंग प्रत्यक्ष आणि बाकीच्या दिवशी फोनवर, असे जमवता येते. परदेशी गेलेल्यांसाठी एएचे मीटिंग गाइड नावाचे मोफत ॲप आहे. अमेरिकेत आपल्या भागाजवळची मीटिंग त्यावर लगेच सापडते.

आता आपल्याकडच्या एका सवयीबद्दल. "मी श्रावण पाळतो, महिनाभर थेंब घेत नाही, मग मी व्यसनी कसा?" हे वाक्य मी दादाकडून आणि नंतर किती तरी जणांकडून ऐकले आहे. श्रावण पाळणारा माणूस आषाढ अमावास्येला गटारीच्या नावाखाली दोन दिवसांची एकदम पितो आणि महिनाभर तारखा मोजत बसतो. ते मोजणेच पुरेसे बोलके आहे. ज्याला खरोखर सोडायची आहे, त्याने श्रावणाचा उपयोग उलटा करावा: महिना कोरडा आहेच, तर त्याच महिन्यात मीटिंगा सुरू कराव्यात, म्हणजे महिना संपताना हाताशी माणसे असतात. गटारी, धुळवड, ३१ डिसेंबर, घरातली हळद आणि पगाराचा दिवस या दिवसांसाठी मीटिंगची वेळ आधीच लिहून ठेवावी. त्या संध्याकाळी मीटिंगला बसलेला माणूस रात्री बहुधा घरीच येतो.

पाय घसरला, म्हणजे पुन्हा प्यायला गेली, तर दुसऱ्या दिवशीच मीटिंगला जावे. तोंड दाखवायची लाज वाटते आणि त्या लाजेतच माणूस महिनोन्‌महिने हरवतो. दादाची दोनदा घसरण झाली. दुसऱ्या वेळी तो अकरा दिवसांनी गेला, तेव्हा रिक्षावाले काका एवढेच म्हणाले, "बरे झाले आलास, बस."

बायका आणि घरचे

स्त्रियांसाठी ही वाट जास्त अवघड आहे, हे मान्य केले पाहिजे. पिणारी बाई घराबाहेर क्वचितच पिते, तिचे व्यसन नातेवाइकांपासून झाकले जाते, आणि मिश्र गटात ती पुष्कळदा एकटीच स्त्री असते. फोनवर थेट सांगावे की मला एखाद्या महिला सदस्याशी बोलायचे आहे. मोठ्या शहरांत आणि ऑनलाइन स्त्रियांच्या स्वतंत्र मीटिंगा मिळतात, आणि मुक्तांगणमध्ये स्त्रियांसाठी निशिगंध हा वेगळा विभाग आहे. मिश्र गटात जावे लागले, तर सुरुवातीला ओपन मीटिंगला बहीण किंवा मैत्रीण सोबत न्यावी.

घरच्यांसाठी अल-अनॉन आहे. एएच्या सदस्यांच्या बायकांच्या पुढाकाराने १९५१ साली त्याची उभारणी झाली, आणि पिणारा माणूस सोडायला तयार नसला तरी घरच्यांना तिथे जाता येते. पिणाऱ्यांच्या बायकांसाठी मुक्तांगणचा सहचरी गट आहे. माझी वहिनी बरीच वर्षे म्हणत होती की पितो तो, मग मी का जाऊ. ती गेली आणि तिसऱ्या खेपेनंतर तिने रात्री दादाचे खिसे तपासणे बंद केले. घरच्यांनी आणखी एक पथ्य पाळावे: "आज आला होता का?" असे गटातल्या कोणाला फोन करून विचारू नये. ते सांगणार नाहीत, आणि त्यांनी सांगू नये हेच योग्य आहे. मीटिंगहून आलेल्या माणसाला "काय काय झाले?" असेही विचारू नये. जेवण गरम करून वाढावे आणि तो बोलला तर ऐकावे.

दोन-तीन महिने नियमित गेल्यावर गटात एखादे बारीकसारीक काम मागून घ्यावे. बाक लावणे, किटलीतून चहा आणणे किंवा पुस्तिका मांडणे असे काहीही चालते. ज्याच्याकडे काम असते, त्याला पावसाचे किंवा डोकेदुखीचे कारण काढून घरी बसता येत नाही. दादाकडे सुरुवातीला कप विसळायचे काम होते. आता त्या वर्गखोलीची किल्ली आणि गटाचा फोन त्याच्याकडे असतो. कोणी दुपारी फोन करून "आज मीटिंग आहे का?" असे विचारले, की तो शाळेची खूण सांगतो, मागचे गेट उघडे असते हे सांगतो, आणि सव्वासहाला जाऊन त्या गेटापाशी उभा राहतो.